लोहमार्गाने आलेला पंथ आणि त्याची लेखणी

मुंबई इलाख्यात मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ रुजला तो लोहमार्गाच्या आश्रयाने. १८६३ साली बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबईची गाडी पुण्यापर्यंत अखंड धावू लागली आणि लोणावळ्यापासून खडकीच्या छावणीपर्यंत इंजिनचालक, गार्ड, तारमास्तर व निरनिराळ्या सरकारी खात्यांचे कामगार यांची ये-जा व वस्ती वाढत गेली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही तेव्हा या मार्गाच्या कडेची लहान खेडी होती; चिंचवडला मोरया गोसावींची समाधी व देव संस्थानची वहिवाट, उत्तरेस इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी, आणि त्यापलीकडे चाकणचा भुईकोट, एवढीच काय ती या टापूची ख्याती.

विल्यम टेलर हा कॅलिफोर्नियात भर रस्त्यावर उभा राहून उपदेश करणारा प्रचारक १८७० साली हिंदुस्थानात आला व पुढच्याच वर्षी मुंबईस पोहोचला. परदेशातून पैसा आणावयाचा नाही, जी मंडळी उभी राहील तिने आपला खर्च आपल्याच वर्गणीतून भागवावा, आणि इतर मिशनांनी आपापसांत मुलखाची जी वाटणी करून घेतली होती तिच्या हद्दी आपल्यावर बंधनकारक मानावयाच्या नाहीत, असा त्याचा बाणा असल्यामुळे, त्याच्या मंडळ्या प्रथम इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांत उभ्या राहिल्या. पुण्यास १८७३ साली अशाच एका सभेत मोजणीखात्यातला विल्यम ओल्डहॅम नावाचा तरुण या पंथाकडे वळला. बंगळूरला जन्मलेल्या या तरुणाने पुढे सिंगापूरला १८८६ मध्ये शाळा स्थापिली आणि यथाकाल तो बिशपपदाला पोहोचला.

परंतु या पंथाचा खरा वारसा, माझ्या मते, त्याच्या लेखनात शोधला पाहिजे. पंथाचा आद्य प्रवर्तक जॉन वेस्ली आपल्या प्रवासांची व अंतःकरणातील उलघालींची रोजनिशी लिहून प्रसिद्ध करीत असे. सिद्धांतापेक्षा अनुभवाला, आणि अनुभवाइतकेच त्याच्या नोंदीला महत्त्व देण्याची ही रीत त्याच्या अनुयायांनी देशोदेशी नेली. मुंबईत तिला जो पुरुष लाभला त्याची योग्यता असाधारण होती. जॉर्ज बोवेन हे १८१६ साली अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात जन्मले. तारुण्यात ते नास्तिक होते, पुढे श्रद्धावान झाले आणि १८४८ च्या आरंभी मुंबईस उतरले. लवकरच त्यांनी मिशनचे वेतन घेणे सोडले, एतद्देशीयांच्या वस्तीत एका साध्या खोलीत बिऱ्हाड केले, मराठी आत्मसात केली, आणि रस्त्यात उभे राहून उपदेश करण्याचा नेम चाळीस वर्षे चालविला. ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकाचे संपादन हे त्यांचे दुसरे व्रत. टेलर आल्यावर ते मेथडिस्टांना जाऊन मिळाले, पण खोली, राहणी आणि पत्र यांत फरक पडला नाही, आणि १८८८ साली मृत्यूनेच ती लेखणी खाली ठेवविली. धर्मोपदेशकाने गोऱ्या वस्तीतील बंगल्यात राहून दारिद्र्याचे गुण गावेत हे ज्यांना खपत नव्हते, अशा हिंदू वाचकांनाही ज्याच्याविषयी आदर वाटावा असा हा संपादक होता. कारण जे लिहावयाचे त्याची किंमत त्याने स्वतःच्या संसारातून आधीच चुकती केली होती.

या लेखणीचा दुसरा, आणि अधिक विस्मयकारक, प्रवास पुणे जिल्ह्यातल्याच केडगावचा आहे. मिनी अब्राम्स ही मेथडिस्ट सेविका १८८७ साली मुंबईस आली व १८९८ च्या सुमारास पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दाखल झाली. दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो विधवा व अनाथ मुली तेथे होत्या. शेती, विणकाम, आणि छापखान्यातले खिळे जुळविण्याचे कामदेखील त्यांच्याच हाती होते. १९०५ च्या जून महिन्यात या मुलींत प्रार्थनेची जी विलक्षण लाट उसळली, तीत रडणे होते, कबुलीजबाब होते आणि रात्ररात्र चालणारी आळवणी होती. तिचा वृत्तान्त व त्यावरील आपले चिंतन अब्राम्सबाईंनी १९०६ साली एका छोट्या पुस्तकात ग्रथित केले. ते पुस्तक त्यांनी चिलीतील वालपराइसो बंदरी राहणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीस, मे हूव्हर यांस, पाठविले. त्यांचे पती विलिस हूव्हर तेथील मेथडिस्ट मंडळीचे पाळक होते. पुस्तक वाचून त्या मंडळीने प्रार्थना आरंभिली, १९०९ साली तेथेही तशीच जागृती झाली, आणि वर्षभरात त्यातून चिलीचा स्वतंत्र पेंटेकॉस्टल संप्रदाय जन्मास आला. दौंड-पुणे मार्गावरील एका आडगावी मराठी मुलींनी रात्र जागवून केलेल्या प्रार्थनेने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा धर्मेतिहास बदलला. ज्या मुलींमुळे हे घडले त्यांची नावे मात्र त्या इतिहासात बहुधा आढळत नाहीत, हे मला फार लागते.

आणि येथेच या पंथाच्या लेखनातील उणीवही स्पष्ट होते. बोवेन मराठीत बोलले, पण लिहिले ते मुख्यतः इंग्रजीत. अब्राम्सबाईंचे पुस्तकही इंग्रजी. तळेगाव दाभाड्यास मेथडिस्ट स्त्रियांनी मुलींची शाळा चालविली, तेथून तुकोबांचे देहू कितीसे दूर? तरी अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाण्याचे धाडस केले ते मेथडिस्टांनी नव्हे, तर १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. तुकोबांचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले, भजन-कीर्तन उपासनेत आणले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून लिहिले, आणि त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात शिरून पंथापंथांच्या भिंती ओलांडून गेली. मेथडिस्ट मंडळीतही पेटी-तबल्यावर म्हटली जातात ती पुष्कळशी त्यांचीच पदे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढील दशकात औद्योगिक वसाहत झाली, टेल्को आली, आकुर्डीस बजाजचा कारखाना आला. आणि नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी जे कामगार आले त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. कोणी काँग्रिगेशनल, कोणी अँग्लिकन, कोणी मेथडिस्ट. ज्या हद्दी मिशनांनी नकाशावर आखल्या होत्या त्या पाळीच्या भोंग्याने पुसून टाकल्या. १९७० च्या मार्च महिन्यात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून एक नगरपालिका झाली, आणि त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात सामील झाले. टेलरच्या परंपरेतील अमेरिकन शाखेचे मात्र अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर ऐन वेळी बाहेर राहिले, आणि १९८१ मध्ये त्यांचे स्वायत्त असे भारतीय मेथडिस्ट चर्च झाले. आपली शिस्त व आपली ओळख मोठ्या संस्थेत विरघळून जाईल ही भीती मला समजते. तरीही ती संधी दवडावयास नको होती, असेच मी म्हणेन. कारखान्यात एकाच यंत्रावर उभे राहणारे दोघे रविवारी दोन निराळ्या मंडळ्यांत बसून टिळकांचे तेच पद म्हणतात, हे दृश्य नकाशावरच्या जुन्या वाटणीइतकेच अनाठायी आहे.

आता चाकण-तळेगावच्या नव्या वसाहतींपर्यंत ही मेथडिस्ट मंडळी पसरली आहे. तिचा इतिहास छापील ग्रंथांत नाही. तो आहे मंडळीच्या दप्तरांत, बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या नोंदवह्यांत, जेथे बापाच्या मूळ गावापुढे मुलाचा धंदा ‘फिटर’ किंवा ‘टर्नर’ असा लिहिलेला सापडेल. त्या वह्या वाळवीच्या तावडीत जाण्याआधी कोणी मराठी मेथडिस्टाने त्या उघडाव्यात, ज्या आजीने दुसऱ्या पाळीला गेलेल्या मुलाची वाट पाहत घरच्या प्रार्थनासभा चालविल्या तिला विचारून लिहून घ्यावे, आणि या वेळी ते मराठीत लिहावे. केडगावच्या मुलींची जी नावे राहून गेली, तशी भोसरीच्या या आज्यांची राहू नयेत.