वारसा वास्तूंचे जतन : निधी कोठे मिळतो आणि अर्ज कसा करावा?

महाराष्ट्रात जुने मंदिर, बारव, वेस, घाट किंवा वाडा नसलेले गाव विरळाच. त्यांपैकी फार थोड्या वास्तू कायद्याने संरक्षित आहेत. उरलेल्यांचे भवितव्य मालक, विश्वस्त किंवा ग्रामस्थ यांच्या हाती असते. दुरुस्तीची इच्छा अनेकांना असते, पैसा मात्र नसतो. निधी देणारे मार्ग काही प्रमाणात उपलब्ध आहेत. तथापि कोणत्या वास्तूला कोणता मार्ग लागू पडतो याची माहिती नसल्याने अर्ज चुकीच्या दारी जातात आणि दरम्यान एखादा पावसाळा भिंत घेऊन जातो. म्हणून या विषयाची क्रमवार माहिती येथे देण्यात येत आहे.

प्रथम वास्तूचा दर्जा तपासावा

निधीचा प्रश्न वास्तूच्या कायदेशीर दर्जापासून सुरू होतो. हे दर्जे ढोबळमानाने चार आहेत.

पहिला, केंद्र संरक्षित स्मारक. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार अशा स्मारकांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असते. देशात अशी सुमारे ३,७०० स्मारके असून त्यांपैकी अडीचशेहून अधिक महाराष्ट्रात आहेत. पुण्याचा शनिवारवाडा, रायगड, अजिंठा व वेरूळची लेणी ही त्यांतील परिचित नावे. येथे कोणत्याही खासगी संस्थेला स्वतःहून दुरुस्ती करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा परिसर विनियमित ठरतो. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. स्मारकाशेजारी जुना वाडा असणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

दुसरा, राज्य संरक्षित स्मारक. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६० चा असून त्याची अंमलबजावणी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. एखादी वास्तू संरक्षित घोषित करावयाची झाल्यास प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत दिली जाते आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना प्रसिद्ध होते. प्राथमिक अधिसूचना निघूनही अंतिम अधिसूचना रखडल्याने वास्तू अधांतरी राहण्याचा संभव असतो. म्हणून कोणती अधिसूचना निघाली आहे, हे क्रमांक व दिनांकासह मिळवावे.

तिसरा, नगरपालिका वा महानगरपालिकेच्या वारसा यादीतील वास्तू. बृहन्मुंबईसाठी अशी नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. यादीतील वास्तूंना पहिली, दुसरी व तिसरी अशा श्रेणी दिल्या जातात. श्रेणी जितकी वरची तितकी बदलांची मुभा कमी. मोठ्या बदलांसाठी वारसा समितीचा अभिप्राय घ्यावा लागतो.

चौथा, कोणत्याही यादीत नसलेली वास्तू. राज्यातील बहुसंख्य वाडे, बारवा आणि ग्रामदेवतांची मंदिरे याच गटात मोडतात. त्यांना संरक्षण नाही, त्याचप्रमाणे स्मारक म्हणून हक्काचा निधीही नाही.

मालकीचे कागद

दर्जानंतर मालकीचा प्रश्न येतो. निधी देणारी कोणतीही संस्था सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका मागतेच. वाड्यांच्या बाबतीत तीन-चार पिढ्यांची वारसनोंद झालेली नसते. भाऊबंदांपैकी एकाची संमती नसली तरी अर्ज अडतो. देवस्थानाची जमीन असल्यास विश्वस्तांचा ठराव लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदलेल्या न्यासाला स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी किंवा गहाण ठेवून कर्ज घेण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. ‘दुरुस्तीसाठी थोडी जागा विकू’ असा निर्णय विश्वस्तांना परस्पर घेता येत नाही.

निधीचे प्रमुख मार्ग

राज्य शासन : राज्य संरक्षित स्मारकांची कामे संचालनालयाच्या वार्षिक तरतुदीतून होतात. स्थानिक संस्थेने येथे रोख अनुदान मागण्यापेक्षा स्मारकाच्या सद्यःस्थितीचा सचित्र अहवाल देऊन ते काम आराखड्यात समाविष्ट करण्याची मागणी करणे अधिक उपयुक्त ठरते. जिल्हा वार्षिक योजनेतूनही गडकिल्ले, मंदिरे आणि महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांसाठी ३ टक्के निधी देण्याची व्यवस्था राज्याने केली आहे. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातील नियोजन विभागाकडे पाठपुरावा करावा लागतो. वर्षाचा आराखडा ठरण्यापूर्वी प्रस्ताव पोहोचला पाहिजे. मार्चमध्ये दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

स्मारक संगोपन : ‘महाराष्ट्र वैभव’ या योजनेखाली २००७ पासून खासगी संस्थांना व उद्योगांना राज्य संरक्षित स्मारकाचे पालकत्व ठरावीक मुदतीसाठी घेता येते. नळदुर्ग किल्ल्याचे संगोपन याच योजनेतून सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे देण्यात आले होते. स्मारकाची मालकी बदलत नाही आणि काम पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखालीच करावे लागते. केंद्राने २०१७ मध्ये सुरू केलेली व २०२३ मध्ये नव्या स्वरूपात आणलेली ‘अडॉप्ट अ हेरिटेज’ योजना मुख्यतः स्वच्छतागृहे, माहितीफलक, प्रकाशयोजना अशा सुविधांसाठी आहे. ढासळता बुरूज त्यातून उभा राहील, अशी अपेक्षा धरू नये.

राष्ट्रीय संस्कृती निधी : केंद्र शासनाने १९९६ मध्ये धर्मादाय देणगी अधिनियम, १८९० अन्वये हा न्यास स्थापन केला. देणगीदाराला येथे विशिष्ट स्मारकासाठी व विशिष्ट कामासाठी रक्कम देता येते. देणगीदार, काम करणारी यंत्रणा आणि निधी यांच्यात करार होतो आणि रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्रपणे ठेवली जाते. केंद्र संरक्षित स्मारकासाठी पैसा देऊ इच्छिणाऱ्या उद्योगाला किंवा परदेशस्थ मराठी मंडळींना हा मार्ग सोयीचा आहे.

उद्योगांचे सामाजिक दायित्व : २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती व स्थळांच्या जीर्णोद्धाराचा स्पष्ट उल्लेख आहे. यादीबाहेरच्या वास्तूंसाठी आज सर्वांत आशादायक मार्ग हाच होय. मात्र १ एप्रिल २०२१ पासून कंपनीतर्फे काम करणाऱ्या संस्थेला ‘सीएसआर-१’ नमुन्यात नोंदणी करून क्रमांक मिळवावा लागतो. नव्याने स्थापन झालेल्या गडसंवर्धन मंडळांनी त्यामुळे अनुभवी नोंदणीकृत संस्थेशी सहकार्य करावे, हे श्रेयस्कर.

परदेशी साहाय्य : न्यूयॉर्क येथे १९६५ मध्ये स्थापन झालेला वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड भारतातही कार्य करतो. धोक्यातील स्थळांची त्याची यादी लक्ष वेधण्यासाठी असते; यादीत नाव आले म्हणजे पैसा आला असे नव्हे. मुंबईचे वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन, २००६ च्या यादीत होते. तरीही त्याची दुरवस्था थांबली नाही आणि २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती इमारत रिकामी करावी लागली. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेला २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे कार्य व त्या काळात मुख्य उद्दिष्टांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात, तर जिंजी तामिळनाडूत आहे. युनेस्कोच्या जागतिक वारसा निधीतून साहाय्य मागण्याचा अधिकार सदस्यराष्ट्राच्या शासनाला आहे. स्थानिक मंडळाला तेथे थेट अर्ज करता येत नाही.

खासगी वाड्यांची अडचण

नाशिक, पुणे, वाई, सातारा, पैठण येथील वाड्यांच्या मालकांना थेट रोख अनुदान देणारी सर्वसाधारण योजना जवळजवळ नाही. भाडेकरूंकडून येणारे जुने भाडे एका तुळईच्या किमतीलाही पुरत नाही. वाडा मोडकळीस आला की पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि नंतर पाडकाम किंवा विकसकाशी करार, एवढेच पर्याय उरतात.

अशा मालकांसाठी दोन वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत. वारसा यादीतील इमारतीवर नियमांमुळे न वापरता येणारे बांधकामक्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने विकण्याची तरतूद मुंबईच्या वारसा नियमावलीत करण्यात आली आहे. इतर शहरांत ती कोणत्या अटींवर मिळते, हे संबंधित महानगरपालिकेच्या नगररचना विभागात तपासावे. दुसरी वाट वाड्याचा काही भाग लोकांसाठी खुला करण्याची आहे. वाचनालय, छोटे संग्रहालय किंवा कलादालन म्हणून दीर्घ मुदतीचा करार केल्यास सामाजिक दायित्वाचा निधी मिळण्याची शक्यता वाढते. केवळ राहत्या घराच्या दुरुस्तीला कोणतीही कंपनी सहसा असा पैसा देत नाही.

धोकादायक इमारतीची नोटीस आल्यास प्रथम संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा. संपूर्ण वाडा धोकादायक आहे की त्याचा एखादा भाग, हे त्यात स्पष्ट असावे. धोका असलेल्या भागातील रहिवाशांना मात्र तत्काळ हलवावे; जतनाच्या आग्रहापेक्षा माणसाचा जीव मोठा आहे.

अर्जात काय असावे?

चांगल्या प्रस्तावाचे सहा भाग असतात. पहिला, वास्तूचे महत्त्व : बांधकामाचा काळ, बांधणारा, शैली, शिलालेख वा कागदपत्रांतील उल्लेख. येथे दंतकथा आणि पुरावा यांची सरमिसळ करू नये. दुसरा, मोजमापाची रेखाचित्रे व सर्व बाजूंची दिनांकित छायाचित्रे. तिसरा, सद्यःस्थितीचा अहवाल : ओल कोठून येते, कोणती तुळई वाळवीने पोखरली आहे, कोणती भिंत कलली आहे. चौथा, कामाचे टप्पे आणि अंदाजपत्रक. पाचवा, आवश्यक परवानग्या. सहावा, दुरुस्तीनंतरच्या देखभालीची योजना. हा शेवटचा भाग बहुतेक अर्जांत नसतो आणि निधी देणारे नेमके तेथेच बोट ठेवतात. दरवर्षी पन्हळी कोण साफ करणार आणि त्याचा खर्च कोठून येणार, याचे उत्तर अर्जात असले पाहिजे.

अंदाजपत्रक जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून करून घ्यावे. चुन्याचा गिलावा, सुरखी, दगडी सांधकाम, सागवानी कोरीवकाम यांचे सर्व दर नेहमीच्या शासकीय दरसूचीत सापडत नाहीत. अशा वेळी साहित्य व मजुरीचे दरविश्लेषण जोडावे लागते. खर्च कमी दिसावा म्हणून सिमेंट सुचविणे महागात पडते. जुन्या भिंतीतील ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, सिमेंटच्या थराआड तो कोंडतो; मग क्षार साचून दगड व विटा झिजू लागतात. अनेक मंदिरांना दिलेल्या तैलरंगाचा परिणामही असाच होतो.

एकदम संपूर्ण वास्तूचा प्रस्ताव देण्याऐवजी छप्पर, पाण्याचा निचरा आणि आधार यांचा पहिला टप्पा मांडणे व्यवहार्य असते. छप्पर गळत असताना रंगकाम वा प्रकाशयोजनेला पैसा मागणारा प्रस्ताव जाणकार परीक्षक बाजूला ठेवतात.

निधी मंजूर झाल्यानंतर

रक्कम सहसा हप्त्यांनी मिळते. पहिल्या हप्त्याचा हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याखेरीज पुढील हप्ता सुटत नाही. त्यामुळे मधल्या काळात कारागिरांची मजुरी देता येईल एवढी स्वतःची तजवीज हवी. प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खाते, निविदांची नोंद आणि प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवावीत. मंजूर आराखड्यात बदल करावयाचा झाल्यास आधी लेखी संमती घ्यावी.

यशाची उदाहरणे

मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्या जीर्णोद्धारासाठी २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, देणगी प्रतिष्ठानाची आणि तंत्रज्ञान इंटॅकचे, अशी विभागणी त्यात होती. २००५ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान या कामाला लाभला. काळा घोडा परिसरातील १८८४ च्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड, एक उद्योगसमूह व स्थानिक काळा घोडा असोसिएशन यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच वर्षी त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

दोन्ही उदाहरणांत मालक स्पष्ट होता, तज्ज्ञ आधीपासून सोबत होते आणि पैसा एकाच दारातून आला नाही. ग्रामीण भागातील बारवेला किंवा वाड्याला एवढी मोठी रक्कम लागत नाही. मात्र हीच शिस्त लागते. मिळकतीचा उतारा, मोजमापाची चित्रे आणि सद्यःस्थितीचा अहवाल ही तयारी निधीची वाट न पाहता करता येते. दिवाळीनंतर ती सुरू केल्यास प्रस्ताव पुढील आर्थिक वर्षाच्या आराखड्यासाठी वेळेत सादर होऊ शकतो. तोपर्यंत छपरावरची झाडे काढणे, कौले चाळणे आणि पन्हळी मोकळ्या ठेवणे ही कामे मालकाला अल्प खर्चात करता येतात. वास्तू संरक्षित असल्यास त्यासाठीही आधी संबंधित विभागाची परवानगी घ्यावी. एक पावसाळा निभावून नेण्यास बहुतेक वास्तूंना एवढे पुरते.