ताल

आमचं गाव बार्शी तालुक्याच्या पूर्व टोकाला, बालाघाटाच्या उताराला बिलगून आहे. खाली पांगरी, वर येडशी आणि मधे आमचे थोडेसे उंबरे. वाटेवरच्या माणसाला तिथं गाव आहे हे सांगावं लागतं.

सात-आठ वर्षांचा असताना आबा मला पहिल्यांदा माथ्यावर घेऊन गेले. पाऊस नुकताच उघडला होता. दोन्ही हात दोन्हीकडं पसरून ते म्हणाले, “ह्या अंगाला पडलं ते भोगावतीचं, त्या अंगाला पडलं ते तेरणेचं. आभाळ एकच, पर भेट एकदम समुद्रात.”

मोठेपणी नकाशा उघडला, तेव्हा आबांचे हात किती अचूक होते ते कळलं. आमच्या ओढ्याचं पाणी भोगावतीतून सीनेत जातं आणि सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. तिथं शके 940चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. पुढं कृष्णा. पलीकडचं पाणी तेरणेतून गोरोबाकाकांच्या तेरजवळून मांजरेला आणि मग गोदावरीला जातं. हे तेर म्हणजे जुनं तगर. इथला माल भडोच बंदराकडं जायचा, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे.

पाण्यासारखी राज्यंही इथंच वेगळी व्हायची. खाली इंग्रजांचा खालसा मुलूख आणि घाट चढला की निजामाची मोगलाई. आजीचं माहेर मोगलाईतलं. माहेरी निघाली की वाटेत करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं लागायचं आणि गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. वर निजामाचा हाली रुपया, खाली इंग्रजांचा कलदार. हालीला खाली मोल कमी, म्हणून माहेरची चोळी-बांगडी मिळाली तरी हिशेबात ती थोडी उणीच धरायची, असं आजी सांगायची. एक हाली रुपया तिनं शेवटपर्यंत मिठाच्या मडक्याशेजारी फडक्यात बांधून ठेवला होता.

1947-48 सालचं बोलताना तिचा आवाज खाली यायचा. रझाकारांच्या धाकानं वरची माणसं रातोरात घाट उतरून यायची. डोक्यावर बोचकं, काखेत लेकरू आणि कुत्र्यानं भुंकू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं. स्टेट काँग्रेसचे कॅम्प सरहद्दीच्या अलीकडं होते, बार्शी आधार देत होती. आमच्या परड्यातही तीन बिऱ्हाडं राहिली. 13 सप्टेंबर 1948ला भारताच्या फौजा निघाल्या, 17 तारखेला निजाम शरण आला आणि माथ्यावरची सरहद्द पुसली गेली. आजी म्हणायची, “पुढं माज्या माहेराला जकात ऱ्हायली न्हाई.”

गावात पैसा आला तो बार्शी लाईटमुळं. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897 साली कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि पुढं 1911 साली लातूरला पोचली. ज्वारी, तूर, शेंगा आणि कापूस तिच्यातून बाजाराला जायचा. आमच्या उतारावर यातलं फारसं काही पिकत नव्हतं. बरडावर बाजरी, हुलगे, मटकी आणि डोंगरभर सीताफळी. आजी पहाटे डोळे उघडलेली सीताफळं काढायची, पाटीत पळसाची पानं घालून थर लावायची आणि पांगरी गाठायची. खाली कच्ची, वर उद्या पिकणारी. बार्शीच्या बाजारातून येताना मीठ, राकेल आणि क्वचित एखादं लुगडं. आमच्या घरातला पहिला तांब्याचा हंडा सीताफळांवर आला.

या सगळ्याच्या खाली एकच काळजी असायची, पावसाची. जिल्ह्याचा पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला कामाचा उत्तरा-हस्तात. हत्ती बरसला तर रब्बीची ज्वारी, नाहीतर नाही. 1972 साली तो बरसलाच नाही. आजी आणि आबा दोघं खडी फोडायला गेले. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. त्या दिवसांत आजी रात्री मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट सांगायची. पंतांनी भुकेल्यांसाठी सरकारी कोठारं उघडली आणि विठोबानं विठू महार होऊन बिदरला रक्कम भरली. “तवा देवानं धान्याचं पैसं भरलं,” ती म्हणायची, “आमाला काम दिलं.” वि. स. पागे यांच्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. भुकेल्या माणसाला काम मागण्याचा हक्क आहे, ही गोष्ट आजीला कायद्याच्या आधी पोटानं कळली होती.

खडीनंतर बंडिंगच्या, म्हणजे बांध घालण्याच्या, कामावर शिकलेलं आबांनी मग आपल्या रानात उतरवलं. सहा ताली, म्हणजे उताराला आडवे दगडी बांध, टाकल्या. मी हाताखाली असायचो. तळाला बैठे, जड दगड. प्रत्येक थर डोंगराच्या अंगाला किंचित कललेला. फटीत कपऱ्या ठोकून बसवायच्या. माती लिंपायची नाही. एका टोकाला सांडवा. मी विचारलं, पाणी अडवायचंय तर त्याला दार कशाला? “कोंडलेलं पाणी ताल घिऊन जातं,” आबा म्हणाले. “पाण्याला जाऊ द्यावं, माती ठिवून घ्यावी.”

गावातली पोरं आता पुण्याला असतात, मीही त्यातलाच. मागच्या पावसाळ्यात तिसरी ताल फुटल्याचा निरोप आला. सुट्टी काढून गेलो. ढासळलेले दगड बाजूला घेताना आत हात घातला, तर कोपरापर्यंत ओली, काळसर माती लागली. आबांनी ताल टाकली तेव्हा तिथं नुसता मुरूम होता. पन्नास पावसाळ्यांनी वरून एकेक ओंजळ आणून ठेवली होती. आजी असती तर म्हणाली असती, माझ्या माहेरची माती आली.

चार दिवस लागले. थर कलता ठेवला, कपऱ्या बसवल्या आणि सांडवा जुन्या जागीच ठेवला. गेल्या हस्तात तिथं ज्वारी पेरली आहे.