ओवेन्सबोरोचा बार्बेक्यू

१४. 'ओवेन्सबोरोची जत्रा' : अमेरिकेतील केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या ओवेन्सबोरो शहरात १९७९ साली सुरू झालेला वार्षिक बार्बेक्यू उत्सव. तो मे महिन्यात भरे. अधिकृत नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द असला तरी स्वयंपाक पक्का गावचा. अमेरिकेत इतरत्र बार्बेक्यूला डुक्कर किंवा गाय चालते, इथे मेंढी लागते. १८१६च्या जकात कायद्याने परदेशी लोकर महागली, केंटकीत मेंढ्या वाढल्या आणि लोकर देऊन थकलेल्या जून मेंढ्यांचे राठ मांस मंद आचेवर तासन्‌तास भाजण्याची रीत पडली, असे सांगतात. उत्सवात भर रस्त्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांच्या लांबच लांब चुली रचत. खाली हिकरीच्या लाकडाचे निखारे. वर मांस उलटून-पालटून त्यावर व्हिनेगर, वुस्टरशायर सॉस आणि मिरपुडीचे पातळ पाणी मारत राहायचे. या पाण्याला तिथे 'डिप' म्हणतात. लेखकाने पुढच्या परिच्छेदात ज्याला नुसता 'रस्सा' म्हटले आहे तो 'बर्गू' : मटण, कोंबडी, मका, बटाटा, कोबी, टोमॅटो असे सगळे काहिलीत शिजवून घट्ट केलेले कालवण. 'चर्चवाले' म्हणजे आसपासच्या कॅथलिक पॅरिशांचे स्वयंसेवक आचारी. पॅरिशच्या वर्गणीसाठी अशा पंगती घालण्याची त्यांची प्रथा उत्सवाहून कितीतरी जुनी. विक्रीचा पैसा पॅरिशांना आणि स्थानिक धर्मादाय कामांना जाई. आचाऱ्यांची चुरस मात्र गव्हर्नरच्या करंडकासाठी असे, पृ. ८८ वरचे भांडण त्यावरूनच आहे. — संपा.