मिठाचं मडकं

आमच्या घरात मीठ म्हणजे मडक्याचा वैरी. कंधारच्या तळ्याकाठून माती आणताना बा आधी चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खारट लागली की गाढवावरची गोणी तिथंच उलटी. "लोणा धरणारी माती हाय ही. माठ पापुद्रे टाकंल." माठातून पाणी झिरपतं, बाहेर सुकतं, मागं राहिलेल्या मिठाचे खडे होतात आणि ते खापर आतून फोडतात. बाला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, जीभ ठाऊक होती.

म्हणून पुद्दुचेरीजवळच्या एका निवासी कार्यशाळेत "उद्या भट्टीत मीठ टाकायचंय" असं ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पुद्दुचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तेव्हापासून त्या मुलखात स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भाजलेली भांडी, रुजलं. आमचा आवा म्हणजे गोवऱ्या, तुराट्या, वर खापरांचं पांघरूण. धग आठशे अंशांच्या आसपास. तिथं रात्रभर लाकूड सारून बाराशेच्या पुढं गेलो. मग ओल्या मिठाच्या कागदी पुड्या थेट जाळात. तडतड झाली, धुराड्यातून पांढरा लोट निघाला, डोळे चुरचुरले. मिठातला सोडियम मातीतल्या वाळूला धरून काच होतो आणि क्लोरीन आम्ल बनून धुरातून जातो. लोखंडी सळीनं भट्टीतलं मातीचं कडं बाहेर ओढून काच किती चढली ते बघायचं, पुन्हा पुड्या. सकाळी भांड्यांवर संत्र्याच्या सालीसारखी कातडी. टिचकी मारली तर काशासारखा नाद. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी कच्ची की पक्की ते पारखलं म्हणतात. तिथं थापटण्याची गरजच नव्हती.

भट्टीत मीठ टाकायची ही युक्ती जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठची, पंधराव्या शतकातली. दाढीवाल्या बाप्याचा चेहरा असलेले तिथले सुरईसारखे बुधले जगभर गेले. १६७२ साली लंडनच्या जॉन ड्वाइटनं स्टोनवेअरचं पेटंट घेतलं. १८४६ पासून हेन्री डौल्टन सांडपाण्याचे पाइप याच रीतीनं भाजू लागला. जुन्या मोऱ्यांमधला तो तपकिरी, चकचकीत पाइप मीठच प्यालेला असतो, हे मला पन्नाशीत कळलं. जन्मभर त्याच्यावरून उड्या मारल्या होत्या!

हौसेनं मी आमच्या मातीची एक बिंदगी त्या भट्टीत ठेवली होती. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आंबील शेतात नेतात, ती. आमच्या मातीत लोह नि चुना. एवढ्या आगीत ती वितळलीच. फळीवर काळी भाकर उरली. ती तासून काढायला अर्धा दिवस गेला.

कंधार राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळापासूनचं गाव. किल्ल्याच्या खंदकाकडेला मी पोरपणापासून खापरं वेचतोय. मला मिळालेल्या एकाही तुकड्यावर काच नाही. त्या कुंभारांना काय कमी होतं, असं कुणी विचारलं तर मला राग येतो. मे महिन्यात मराठवाड्यात माठानं घाम गाळायलाच हवा. काच चढली की पाणी झिरपत नाही, आणि झिरपलं नाही तर गार होत नाही.

मिठानं भाजलेला एक गडू मी घरी आणला. आईनं त्यात पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी एक घोट घेतला नि ओतून दिलं. "कोमटच हाय की रं." गडू चार दिवस पालथा पडला होता. मग तिनं तो पुसला, त्यात खडेमीठ भरलं आणि चुलीशेजारी ठेवला.