विद्येची वर्गणी

दिवाळीच्या सुटीआधी दरवर्षी एक नावडते काम माझ्या वाट्याला येते. स्नेहसंमेलनाची वर्गणी! कुणाकुणाची राहिली त्यांची नावे भर वर्गात वाचायची. एरवी तासभर न थांबणारी माझी जीभ तिथे हमखास अडखळते. मी मॅट्रिकपुढे गेलो नाही. विद्यापीठ पाहिले ते पुस्तकांतूनच. पण अशाच वाचनात मला एक समदुःखी मास्तर भेटला, आणि तोही साडेसातशे वर्षांपूर्वीचा.

इटलीतले बोलोन्याचे विद्यापीठ आपला जन्म १०८८ सालचा मानते. रोमन कायदा शिकायला तिथे युरोपभरातून मुले येत. आरंभी अध्यापकांना कुणाचाच पगार नव्हता. शिवाय विद्या ही देवाची देणगी, ती विकू नये, असे धर्मशास्त्र सांगे. आपल्याकडील गुरुदक्षिणेसारखाच हा पेच. त्यातून वाट निघाली ती वर्गणीची. तिला ‘कोलेक्ता’ म्हणत. गुरुजी स्वतः हात पसरीत नसत. ते दोघा विद्यार्थ्यांना पुढे करीत. ते दोघे इतरांशी बोलून प्रत्येकाने किती द्यायचे ते ठरवीत.

ओदोफ्रेदो हे तिथले नामवंत कायदेपंडित. एका वर्षाच्या अखेरच्या व्याख्यानात त्यांनी मुलांना सरळ बजावले, की पुढल्या वर्षी नेहमीचे पाठ नेमाने देईन, पण जादा तास घेणार नाही. कारण काय, तर मुले पैसे नीट देत नाहीत. विद्या सर्वांना हवी, मोल मात्र कुणालाच नको! हे वाचले आणि मला हसू आले. मग वाईटही वाटले. एवढा मोठा पंडित, पण निरोपाच्या दिवशी त्याच्या तोंडी थकबाकी यावी ना!

अर्थात ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती दोरी. बोलोन्याच्या विद्यार्थ्यांनी आपले संघ उभारले आणि गुरुजींनाच शिस्त लावली. परवानगीवाचून एक दिवसही गैरहजर राहायचे नाही. ठरलेला भाग मुदतीत संपला नाही, तर दंड. नेहमीच्या पाठाला पाचांहून कमी श्रोते आले, तर गुरुजीच गैरहजर धरायचे! आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितले, तेव्हा क्षणभर चहाचे कप हवेतच राहिले.

पुढे १२८० साली विद्यार्थ्यांनी गार्सिया नावाच्या स्पॅनिश पंडिताशी वर्षाला १५० लिरांचा करार केला, आणि ती रक्कम नगराने द्यावी अशी विनंती केली. हळूहळू पगार नगराच्या तिजोरीतून होऊ लागले. मास्तरांची विवंचना मिटली. पण त्यांना नेमण्याची सत्ताही विद्यार्थ्यांच्या हातून नगराकडे गेली.

ओदोफ्रेदो १२६५ साली वारले. बोलोन्यातल्या सान फ्रांचेस्को चर्चच्या मागे त्यांची समाधी आहे; खाली खांब, वर पिरॅमिडसारखे छप्पर. मला मात्र राहून राहून आठवतात ते दारोदार फिरणारे दोघे विद्यार्थी. गुरूची लाज आणि सोबत्याची अडचण, दोन्ही त्यांनाच झाकायच्या होत्या.

त्याला कारण घडले. मागे एकदा मी नावे न वाचता यादीच एका मुलाच्या हाती दिली. तिसऱ्या दिवशी त्याने पूर्ण रक्कम आणून दिली. पण दोन नावांपुढच्या खुणा एकाच शाईच्या, घाईने केलेल्या होत्या. त्या दोघांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. मी विचारले, “हे पैसे कुणी दिले रे?”

तो खाली बघत म्हणाला, “सर, हिशेब जुळला ना?”

हिशेब जुळला होता. त्या दिवाळीत त्याच्या दारी फटाके वाजले नाहीत, हे मला पुढे शेजाऱ्यांकडून कळले. तेव्हापासून मी वर्गात नावे वाचीत नाही. एकेकाला बाजूला बोलावतो, आणि यादीत पहिले नाव माझे स्वतःचे घालतो.