आभाळावर भुंकणारा

कुत्र्यांशी माझा संबंध सकाळी बस गाठताना ती मागे लागतात तेवढाच. तरीही आइसलँडच्या मेंढपाळ कुत्र्याचा इतिहास वाचून मी हळहळलो.

उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि अंगात उत्साह असा, की मार्चअखेरीला आमच्या शाखेनं थोडा उसना घ्यावा! हजारएक वर्षांपूर्वी नॉर्वेहून आलेल्या लोकांनी त्याला बोटीतून तिकडे नेलं. डोंगरभर पांगलेली मेंढरं भुंकून भुंकून गोळा करायची, ही त्याची नोकरी. शिवाय ओव्हरटाइम म्हणून आभाळाकडे बघून भुंकायचं, कोकरांवर झडप घालणारे पक्षी हाकलायला. शेक्सपिअरच्या ‘पाचव्या हेन्री’त त्याचं नाव आलंय, पण शिवी म्हणून!

एकोणिसाव्या शतकात साथीत ही कुत्री पटापट मेली. त्यात कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांनी माणसं आजारी पडत. म्हणून १९२४ साली रेकयाविक शहरानं कुत्रं पाळायलाच बंदी केली. जात जवळजवळ संपली. १९५०च्या दशकात मार्क वॉटसन या इंग्रजानं त्यातली काही कुत्री शोधून कॅलिफोर्नियात नेली. १९६९ साली आइसलँडकरांनीही त्यांच्यासाठी संस्था काढली. पण शहरातली बंदी कायम! १९८४ साली तर खुद्द अर्थमंत्री अल्बर्ट गुडमुंडसन चोरून कुत्रं पाळल्याबद्दल अडचणीत आले. अर्थमंत्री हो! इथं रजेच्या अर्जात खोटं कारण लिहिताना मला घाम फुटतो. त्याच वर्षी बंदी सैल झाली.

हे सगळं मी सौ.ला वाचून दाखवलं.

“एका जागी बसत नाही आणि दिवसभर काम मागतो?” ती म्हणाली. “मग तुमच्या बँकेत नाही हो त्याचा निभाव लागायचा.”