आजारपणासाठी भविष्य निर्वाह निधीतून उचल

पुण्याच्या पश्चिमेस पौड रस्त्यावर वसलेल्या मुळशी तालुक्यातील भुकूमसारख्या गावांत आज अनेक कुटुंबे शहरातील वा पिरंगुट परिसरातील नोकरीवर अवलंबून आहेत. अशा घरात हृदयशस्त्रक्रियेचा किंवा कर्करोगाच्या उपचारांचा प्रसंग उद्भवला, की हक्काची मोठी रक्कम बहुधा एकच असते, ती म्हणजे भविष्य निर्वाह निधी.

१९५२च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद ६८-जे अन्वये सभासदाच्या स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या गंभीर आजारासाठी उचल देण्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठी किमान सेवेची अट नव्हती. सहा महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, किंवा सभासदाचा स्वतःचा व्याजासह हिस्सा, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळे. उदाहरणार्थ, वेतन व भत्ता मिळून १५ हजार आणि स्वतःचा हिस्सा १ लाख ४० हजार असल्यास ९० हजार रुपये. २०१७ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी स्वयंघोषणा पुरेशी ठरविण्यात आली.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय विश्वस्त मंडळाने उचलीच्या १३ तरतुदी तीन गटांत एकत्र करण्याचा, किमान सेवा १२ महिने ठेवण्याचा आणि २५ टक्के शिल्लक खात्यात राखण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे अर्ज करताना लागू असलेला नियम संघटनेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. अर्जापूर्वी आधार, बँक खाते व जन्मतारखेच्या नोंदी जुळतात की नाही, हेही तपासावे. ऐन वेळी दावे अडतात ते बहुधा येथेच.

ही उचल परतफेडीची नसते, हे मात्र ध्यानी घ्यावे. ८.२५ टक्के व्याजदर कायम राहिला असे धरल्यास, आज काढलेला १ लाख रुपया वीस वर्षांनी सुमारे ४ लाख ८८ हजार झाला असता. रकमेसाठी नोकरी सोडून खातेच बंद करणे तर अधिक घातक. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असताना निवृत्तिवेतनाची रक्कमही काढून घेतल्यास ती सेवा पुढील निवृत्तिवेतनासाठी मोजली जात नाही.

म्हणून निधीला हात लावण्यापूर्वी कर्मचारी राज्य विमा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन व दुर्बल घटकांसाठीच्या राखीव खाटा, या तिन्हींची चौकशी करावी. त्यांतून न भागलेल्या खर्चापुरतीच उचल घ्यावी. रुग्ण बरा झाल्यावरही म्हातारपण यायचे राहत नाही.